शिरोरेखा तुटते तेव्हा

आकुर्डीत उपयोजित कला शिकताय. बाबा चाकणला शिफ्टमध्ये, शेजारचा दादा हिंजवडीत. त्यामुळे दर दिवाळीला एक प्रश्न ठरलेला : 'चित्रं काढून पोट भरणार का रे?' त्या प्रश्नाला घाबरून कोडिंगच्या एखाद्या महागड्या क्लासची फी भरायला निघाला असाल, तर जरा थांबा.

एचटीएमएल आणि सीएसएस शिकायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. जुना लॅपटॉप, नोटपॅड आणि ब्राउझर एवढ्यावर सुरुवात होते. शिवाय त्यातलं बरंच तुम्हाला आधीच येतं. एचएसएल पद्धतीत रंगाचा ह्यू ० ते ३६० अंशांत लिहितात. म्हणजे तुमचं रंगचक्रच की! ग्रिड, मार्जिन हे शब्दही ओळखीचेच.

खरी गंमत देवनागरीत आहे. आपल्याकडच्या मराठी वेबसाइट जरा बारकाईने बघा. कितीतरी ठिकाणी मथळ्यातली अक्षरं सुटी पडलेली, शिरोरेखा तुटलेली, वेलांट्या वरच्या ओळीत घुसलेल्या. कारण साधं असतं. इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये लेटर-स्पेसिंग वाढवलेलं असतं आणि लाइन-हाइट कमी. पहिलं शून्यावर आणा, दुसरं १.६च्या आसपास न्या. पान वाचता येऊ लागतं. दोन ओळींचं काम. पण बिघाड दिसायला सुलेखन केलेला डोळा लागतो. तो तुमच्याकडे आहे.

र. कृ. जोशींचं नाव वर्गात ऐकलं असेल. जे. जे.त शिकलेले, जाहिरात क्षेत्रात मुरलेले सुलेखनकार आणि कवी. पुढे आयआयटी पवईत त्यांनी शिकवलं, आणि विंडोजमधला 'मंगल' फॉन्टही त्यांच्याच हातचा. बोरू धरणारा हात संगणकापाशी अडला नाही.

जावास्क्रिप्ट मात्र इतकी सोपी नाही, उगाच गोड बोलत नाही. तिथे महिने जातात, डोकं धरून बसावं लागतं. 'एआय सगळं करून देतं' हेही खरंच. पण तुटलेली शिरोरेखा त्याच्या नजरेतून सुटली, तर दुरुस्त कोण करणार?

या रविवारी मामाच्या गॅरेजचं एक पान करा. नाव, पत्ता, वेळ, कामांचे दर. फॉन्ट 'मुक्ता' घ्या, फुकट आहे. मामाच्या मोबाइलवर उघडून दाखवा. 'फोन नंबर अजून मोठा कर' असं तो म्हणेलच. करा.