गुत्ता, ठेका आणि भट्टी

‘गुत्तेदाराने रस्त्याचे काम अर्धवट सोडले’ अशी बातमी जालन्यात वा परभणीत कोणी वाचली, तर तीत त्याला वावगे असे काहीच दिसत नाही. पुण्याचा किंवा साताऱ्याचा वाचक मात्र त्याच ओळीपाशी अडखळतो. दारूचे दुकान चालविणाऱ्याकडे रस्त्याचे काम सोपविले तरी कोणी, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही. पश्चिम महाराष्ट्रात गुत्ता म्हणजे दारूचा गुत्ता. त्या शब्दाला तेथे दुसरा अर्थच उरलेला नाही. मराठवाड्यात गुत्ता म्हणजे कंत्राट आणि गुत्तेदार म्हणजे सरकारी निविदा भरणारा, गावात मान असलेला कंत्राटदार. भाषा एक, लिपी एक, उच्चारही एक. आणि अर्थ असे की एकाने अभिमानाने पाटीवर लिहावा, तर दुसऱ्याने चारचौघांत उच्चारू नये.

या दोन अर्थांचा शेजार बुलढाणा जिल्ह्याइतका जवळून फार थोड्या ठिकाणी अनुभवास येतो. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांचा बाजार जालन्याशी. देऊळगाव राजाहून जालना जवळ आणि जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा दूर. पश्चिमेस मलकापूर मुंबई-नागपूर लोहमार्गावर, भुसावळच्या म्हणजे खानदेशाच्या वाऱ्यात. उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूर ओलांडले की सातपुडा, आणि पलीकडे बऱ्हाणपूरची हिंदी. खामगाव आणि शेगाव यांचे तोंड अकोल्याकडे, वऱ्हाडाकडे. एकाच जिल्ह्याच्या चार दिशांना चार बाजार आहेत, आणि बाजारातून माल येतो त्याबरोबर शब्दही येतात.

या सीमा डोंगरांनी वा नद्यांनी घातलेल्या नाहीत. त्या राज्यकारभाराने घातल्या. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. जालना निजामाच्याच राज्यात राहिले, ते थेट १९४८ पर्यंत. खानदेश १८१८ पासून मुंबई इलाख्यात. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, म्हणजे त्याची सरकारी नाळ नागपूरशी बांधली गेली. हे सारे प्रदेश १९५६ मध्ये एका द्वैभाषिक राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. नकाशावरील रेघा पुसल्या गेल्या. कचेरीत रुळलेले शब्द मात्र आपापल्या जागी राहिले.

आता एकच शब्द कंत्राट आणि दारूचे दुकान या दोन टोकांवर कसा गेला? कन्नडातील गुत्तिगे आणि तेलुगूतील गुत्त हे मराठी गुत्त्याचे सख्खे भाऊ, आणि दोघांचाही अर्थ मक्ता, खंड, ठरावीक रकमेच्या बोलीवर घेतलेला हक्क असा आहे. जुन्या राजवटींत मद्यविक्री ही कोणी उठून मांडावी अशी उदीम-व्यापाराची गोष्ट नव्हती. सरकार तो हक्क लिलावाने विके. बोली जिंकणारा सरकारात रक्कम भरी आणि नेमून दिलेल्या हद्दीत दुकान मांडी. गुत्त्याने घेतलेले ते दुकान हळूहळू स्वतःच गुत्ता झाले. मराठवाड्यात मूळ अर्थ टिकला, कारण हैदराबादच्या कारभारात कानडी आणि तेलुगू शेजाऱ्यांसह तो शब्द रोज वापरात होता. पश्चिमेकडे सरकारी कामाला मक्ता आणि कंत्राट हे शब्द मिळाले, आणि गुत्त्याच्या वाट्याला उरली ती बाटली.

ही वाट मराठीनेच चोखाळली असे नाही. हिंदीत ठेका म्हणजे कंत्राट. दिल्ली, पंजाब, राजस्थान या बाजूला मात्र नुसते ‘ठेक्यावर’ म्हटले की मनुष्य कोठे गेला हे समजते. (पुण्याला ठेका म्हटला की अजून तबलाच आठवतो, हे त्या शहराचे भाग्य.) याहून नवलाची साक्ष स्पॅनिश भाषेची आहे. तीत ‘एस्तांको’ म्हणजे राजाने एखाद्या जिनसाच्या विक्रीची राखलेली मक्तेदारी. सतराव्या शतकात स्पेनमध्ये तंबाखूवर अशी मक्तेदारी बसली, आणि ज्या दुकानात तो राखीव माल मिळे त्यालाच लोक एस्तांको म्हणू लागले. आज स्पेनमध्ये एस्तांकोत जाणारा मनुष्य तंबाखू वा टपालाची तिकिटे घेऊन परततो. तोच शब्द समुद्र ओलांडून इक्वेडोर आणि कोलंबियात गेला. तेथे मक्तेदारी मद्यावरही होती, म्हणून तेथे एस्तांको म्हणजे दारूचे दुकान. मेक्सिकोत त्याचेच लघुरूप ‘एस्तांकिल्यो’ किरकोळ जिनसांच्या लहानशा दुकानाला लागले. तेव्हा माद्रिदचा अर्थ शुद्ध आणि इतरांचा अपभ्रष्ट, असे ठरविण्यास आधार कोणता? प्रत्येक ठिकाणच्या सरकारने जे राखले, ते त्या ठिकाणच्या शब्दात राहिले.

मराठीत मात्र असा निवाडा रोज होतो, आणि तो शाळेत होतो. बुलढाण्याच्या मुलाने निबंधात ‘पानठेला’ लिहिला, तर बाहेरून बदलून आलेला एखादा शिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढून ‘पानपट्टी’ लिहितो. ठेला म्हणजे ढकलायची गाडी, हा त्याचा युक्तिवाद. विदर्भातील ठेला चाके गळून जमिनीत रोवला गेला, त्याला पत्र्याचे छत आले, तरी नाव कायम राहिले हे त्याच्या गावी नसते. आणि विडा बांधून विकणाऱ्या दुकानाला पट्टी म्हणण्यात तरी कोणते तर्कशास्त्र आहे? मुंबईची पानाची ‘गादी’ तर त्याहून अनाकलनीय. वस्तुतः पोराने चूक केलेली नसते, त्याने आपल्या गावचे नाव लिहिलेले असते. दाते-कर्वे मंडळींच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ पासून प्रांतोप्रांतीचे शब्द ते कोठले आहेत हे सांगून नोंदविले. तो कोश शाळेच्या कपाटात असतो. कपाट उघडण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

निबंधातील रेघ पुसता येते. अर्जाचे तसे नाही. गावातील दारूचे दुकान महिलांच्या मतदानाने बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेतले जाते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बंदीच्या बाजूने कौल दिला तर दुकान बंद होते. आता विदर्भात, विशेषतः नागपूरच्या बाजूस, परवान्याच्या देशी दारूच्या दुकानालाच लोक भट्टी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या कारकुनाच्या लेखी भट्टी म्हणजे हातभट्टी, नाल्याकाठी चोरून पेटविलेली. पहिल्या अर्थाने ‘भट्टी बंद करावी’ असा अर्ज झाला आणि तो दुसऱ्या अर्थाने वाचला गेला, तर त्यावर ‘अवैध मद्याबाबत कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडून कागद छाप्याच्या वाटेने जाईल. छाप्यात काही सापडणार नाही, कारण दुकान परवान्याचे आहे. आणि मतदानाची मागणी झालीच नव्हती अशी नोंद होऊन प्रकरण निकालात निघेल. कोणी लबाडी केली नाही, कोणी लाचही घेतली नाही, तरी सह्या करणाऱ्या बायकांचे श्रम वाया गेले.

शासनाने परिभाषा घडविण्याकरिता १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापिले, आणि त्याने कोशही पुष्कळ केले. त्या कोशांचा प्रवास इंग्रजीकडून मराठीकडे झाला. ग्रामस्थाच्या मराठीकडून कचेरीच्या मराठीकडे येणारा रस्ता त्यांत फारसा आखलेला नाही. अर्जाच्या छापील नमुन्यात ‘देशी दारूचे किरकोळ विक्रीचे दुकान’ या ओळीखाली ‘गुत्ता, भट्टी, ठेका’ ही तीन नावे बारीक टाइपात घालण्यास फार तर अर्धी ओळ लागेल. जिल्ह्याच्या ठाण्यात बसणाऱ्या अधिकाऱ्याने ती अर्धी ओळ हाताने लिहून घेतली तरी चालण्यासारखे आहे.

मतदानाच्या वेळी तर सरकारने शब्दांचा हा सारा घोळच टाळला आहे. मतपत्रिकेवर ना गुत्ता, ना भट्टी. दोन बाटल्यांची चित्रे असतात, एक उभी आणि एक आडवी. अडचण आहे ती त्या मतपत्रिकेपर्यंत पोहोचण्याआधीच्या कागदाची.