रूलेट कोणी हरवले, कशाने हरवले

कापूस आणि जुगार यांचे नाते जुने आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडताना-बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. साठच्या दशकात ते भाव येणे थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि मटका उभा राहिला. हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या, कापसावर जगणाऱ्या गावांत सट्टापट्टी, ओपन-क्लोज, जोडी हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आता मोबाइलवर रूलेट, म्हणजे फिरत्या चक्रावर गोळी सोडून आकडा काढायचा जुगार, आले आहे आणि त्याबरोबर एक नवा दावाही आला आहे. रूलेटमागे विज्ञान आहे, शास्त्रज्ञांनी ते हरवलेले आहे, तेव्हा पद्धत शिकली की आपल्यालाही जमेल. हा दावा अर्धा खरा आहे, आणि घात त्या अर्ध्यानेच होतो.

आधी खोटा अर्धा. युरोपीय रूलेटच्या चक्रावर शून्य ते छत्तीस असे ३७ खाने असतात. प्रत्येक खान्यावर शंभर रुपये लावा. गेले ३,७००, आणि कोणताही आकडा आला तरी हातात ३,६००. शेकडा २.७ची ही गळती कोणत्याही मांडणीने बुजत नाही. ‘हरलो की दुप्पट लावा’ ही पद्धत सर्वांत जास्त विकली जाते, म्हणून तिचाच हिशेब करू. लाल रंगावर दहा रुपयांपासून सुरुवात केली, तर लागोपाठ दहा डाव हरल्यावर १०,२३० रुपये गेलेले असतात. २०२५-२६ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, त्याहून ही रक्कम मोठी. असे दहा डाव सरासरी ७८४ मालिकांत एकदा हरले जातात. उरलेल्या ७८३ मालिकांत दहा-दहा रुपये मिळून ७,८३० येतात. वजाबाकी वाचकाने स्वतः करावी.

‘इतक्या वेळा काळा आला, आता लाल यायलाच हवा’ हा युक्तिवादही तसाच पोकळ. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत लागोपाठ २६ वेळा काळा आला आणि लालवर पैसे ओतणारे बुडाले. चक्राला मागचा आकडा आठवत नाही. मटक्याचे जुने चार्ट पाहून उद्याची जोडी काढणारेही हेच विसरतात.

विदर्भात यावर हमखास एक उत्तर मिळते. आमच्या दमयंतीच्या नळाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय ही फाशांची विद्या शिकून पुष्कराकडून राज्य परत घेतलेच ना! घेतले. पण तो डाव दोन माणसांमधला होता. त्या फाशांत मालकाचा सदतिसावा खाना नव्हता.

आता खरा अर्धा. ‘सगळे नशीब आहे, विज्ञानाचा इथे काय संबंध’ म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. १९६१ साली गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन लास व्हेगासला गेले ते अंगावर लपवलेला छोटा संगणक घेऊन. बुटातल्या बटणाने चक्राची आणि गोळीची फेरी नोंदवायची आणि गोळी चक्राच्या कोणत्या आठव्या भागात पडेल ते कानातल्या सुरावरून ओळखायचे. त्यांचा अंदाज लावलेल्या पैशावर शेकडा ४४ फायद्याचा होता. कानात जाणारी बारीक तार तुटत राहिली म्हणून मोठा डाव मांडता आला नाही. पुढे १९८५ साली नेवाडा राज्याने अशी यंत्रे वापरण्यावर बंदी घातली.

हे जमते कारण गोळी कलत्या काठावरून फिरते. घर्षणाने तिचा वेग उतरत जातो आणि एका ठरावीक वेगाखाली काठ तिला धरून ठेवू शकत नाही. तो वेग दर खेपेला जवळपास सारखाच असतो. आतले चक्र उलट दिशेने संथ, जवळजवळ एकाच गतीने फिरते. म्हणून गोळीच्या एक-दोन फेऱ्यांना किती वेळ लागला हे मोजले, की ती केव्हा सुटेल आणि तेव्हा खाली चक्राचा कोणता भाग असेल, हे काढता येते. वाटेतल्या धातूच्या चकत्यांवर आपटून ती उडते, त्यामुळे नेमका आकडा हाती लागत नाही. पण अर्धे चक्र बाद करता आले तरी २.७ची गळती भरून निघते.

म्हणजे हरवले गेले ते लाकडाधातूचे, डोळ्यांसमोरचे चक्र, आणि तेही गोळी फिरू लागल्यानंतर पैसे लावू देणारे. मोबाइलवरच्या चित्ररूपी रूलेटमध्ये गोळीही नाही, काठही नाही. आकडा आज्ञावली काढते आणि गोळीचे चित्र त्या आकड्याकडे नेऊन ठेवले जाते. तिथे मोजायचे काय? थॉर्पचे नाव घेऊन या पडद्यावरचे ‘तंत्र’ विकणारा माणूस शेतकऱ्याच्या पोराला उघड फसवतो आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो हवाच होता, पण पद्धतीवरचा विश्वास कायद्याने जात नाही.

तो प्रयोगाने जाईल, कारण खऱ्या गोळीत मोजण्याजोगे काय असते आणि पडद्यावर काय नसते हे त्यात हाताने कळते. अल्लीपूरच्या शाळेत एक खोल परात आणि काचेची गोटी पुरे. गोटी परातीच्या काठाने जोरात फिरवा, मोबाइलवर चित्रण करा आणि प्रत्येक फेरीचा वेळ वहीत मांडा. मग परातीच्या एका बाजूखाली कागदाची घडी सरकवा आणि गोटी काठ सोडते त्या जागा खडूने खुणा करत जा. सपाट परातीत त्या चहूकडे पसरतात, कललेल्या परातीत एका बाजूला गोळा होऊ लागतात. कॅसिनोवाले आपली चक्रे पातळीत आहेत ना हे तपासत राहतात ते याच कारणाने.