सीओटूवरची कोल्ड रूम घ्यायची का? आधी मे महिना आठवा!

शेगावच्या एका ताईंचा फोन आला. "सर, फ्रोझन कचोरीसाठी छोटी कोल्ड रूम टाकतेय. सीओटू गॅसवरची घेऊ का? पर्यावरणाला चांगली म्हणतात." कर्जावर सही करायच्या आधी विचारलं, हे बरं केलं.

चांगली आहे, यात वाद नाही. कोल्ड रूममध्ये सर्रास भरतात तो आर-४०४ए गॅस एक किलो गळला, तर हवेवर परिणाम सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. सीओटू गळला तर किलोला किलोच. पेटही घेत नाही. युरोपातली कितीतरी सुपरमार्केटं त्यावर चालतात.

पण शेगाव युरोपात नाही ना! ३१ अंशांच्या वर हा गॅस कितीही दाबा, द्रव होतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढे. मग मशीनला ९०-१०० बार दाबावर चालावं लागतं. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. पाइप जाड, कॉम्प्रेसर वेगळा, वीजही जास्त. उष्ण हवामानात हे कसं बसवायचं, यावर आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या साथीने काम चाललंय. मार्ग निघेल. पण ऐन मेमध्ये मशीन बंद पडलं आणि आत हजार कचोऱ्या असल्या, तर खामगावचा मेकॅनिक ते उघडेल का? माझा पहिला प्रश्न हाच असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: सुरुवात करणाऱ्याने आज सीओटू घेऊ नये. आर-२९०, म्हणजे प्रोपेनवरचे डीप फ्रीझर बाजारात मिळतात. तोही नैसर्गिकच गॅस. एक-दोन घ्या, मागणी वाढेल तसे वाढवा. फक्त प्रोपेन पेटतो, तेव्हा कढईच्या खोलीत ठेवू नका आणि दुरुस्ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आणि स्वस्तात मिळतेय म्हणून आर-२२ची जुनी कोल्ड रूम तर अजिबात नको. तो गॅस आपल्याकडे २०३०पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय. हप्ते चालू आणि गॅस मिळेना, असं व्हायचं.

दूधवाल्यांचं गणित मात्र वेगळं. त्यांना दूध थंड लागतं आणि कॅन धुवायला कढत पाणीही. सीओटू मशीन बाहेर टाकायच्या उष्णतेवरच ८०-९० अंशांपर्यंत पाणी तापवू शकतं. मोठं संकलन केंद्र असेल तर कोटेशन जरूर मागवा, आणि पाणी तापवायचा आजचा खर्च त्यातून वजा करून बघा.

ताईंनी सध्या एकच फ्रीझर बुक केलाय.