पाऊल टाकण्यापूर्वी

शिखरजीच्या चढावर गुडघे थकले तर डोली मिळते. समुद्रात ती सोय नाही. कुंभार पिंपळगावच्या एखाद्या कुटुंबाने आजीला मुंबईहून लक्षद्वीपच्या जहाजसफरीस नेताना हे ध्यानी घ्यावे. तेथे मोठे जहाज प्रवाळखडकांबाहेर खोल पाण्यातच थांबते. प्रवासी लहान होडीने किनारा गाठतात. होडी लाटेबरोबर खालीवर होते. ती जहाजाच्या दाराशी समपातळीत येताच, खलाशाच्या इशाऱ्यावर पाऊल टाकावे लागते. काठी आधी सोपवून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. व्हीलचेअर होडीत घेतात की नाही, हे तिकिटापूर्वीच विचारावे. मुलांनी आग्रह करू नये, आजीनेही भिडेखातर होकार देऊ नये. ईर्यासमिती म्हणजे पाहून, सांभाळून चालणे. लाट उंच असेल तर जहाजावरच थांबणे हेही त्याच विवेकाचे पालन होय.