हिशेबवही : ज्या खात्याचे दान, त्याच खात्यात

देवद्रव्य, जीवदया, साधारण : दात्याने ज्या खात्यासाठी दिले, त्याच खात्यात ते खर्चावे, हा संघाचा दंडक. पावत्यांच्या एकाच यादीतून खातेनिहाय बेरीज काढण्यासाठी एक्सेलमध्ये ‘सम-इफ’ हे सूत्र आहे. त्याला खात्यांच्या नावांचा स्तंभ, हवे ते नाव आणि रकमांचा स्तंभ द्यावा लागतो. मात्र यादीत ‘जीवदया’ या शब्दानंतर चुकून एक रिकामी जागा राहिली, तरी ती पावती बेरजेतून निसटते आणि चूक कोठेही दिसत नाही. म्हणून सर्व खात्यांची बेरीज एकूण जमेशी जुळते का, हे अवश्य पाहावे.

ठेवींच्या व्याजासाठी ‘सम-प्रॉडक्ट’ वापरावे. जीवदयेचे 4,00,000 रुपये 6 टक्क्यांनी व 1,00,000 रुपये 8 टक्क्यांनी ठेवले असता, सरासरी 7 टक्के धरून वर्षाला 35,000 रुपये मिळतील असे वाटते. हे सूत्र प्रत्येक रकमेला तिच्याच दराने गुणून बेरीज देते : 32,000 रुपये, म्हणजे 6.4 टक्के. पांजरापोळीला 35,000 रुपयांचा चारा कबूल केला असेल, तर तुटीचे 3,000 रुपये कोठून आणणार? दुसऱ्या खात्याला हात लावण्याची वेळ येऊ नये, यासाठी हा हिशेब शब्द देण्यापूर्वीच करावा.