गोल्फ दिल्लीला, मिनी गोल्फ गोव्याला!

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्याने ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद भूषविले, तेव्हा एका विसंगतीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. गोल्फच्या स्पर्धा दिल्लीत घ्याव्या लागल्या; मिनी गोल्फला मात्र गोव्याच्या पदकयादीत स्थान मिळाले. एकाच खेळाची थोरली पाती राजधानीत गेली आणि धाकटीला किनारपट्टीच्या राज्याने आसरा दिला. पुढील स्पर्धा २०२५ च्या आरंभी उत्तराखंडमध्ये झाल्या आणि तिथल्या यादीतून ही धाकटी पातीही गळाली. एका पंधरवड्यापुरता राष्ट्रीय दर्जा मिळालेल्या या खेळाचे गोव्यात पुढे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे अधांतरीच राहिला आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो खेळापेक्षा जमिनीचा अधिक आहे, आणि गोव्यात जमिनीचा कुठलाच प्रश्न क्षुल्लक नसतो.

अठरा होलच्या पूर्ण गोल्फ मैदानाला पन्नास-साठ हेक्टर जागा लागते. शिवाय हिरवळ राखण्यासाठी बारमाही पाणी आणि खते-औषधांचा मारा. गोव्यात आज जी गोल्फ मैदाने आहेत ती काणकोण, मोबोर अशा किनाऱ्यांवरील बड्या हॉटेलांच्या कुंपणाआड आहेत आणि आकाराने लहान आहेत. राज्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीपलीकडच्या चिमुकल्या तेरेखोल गावात गोल्फ आणि रिसॉर्टचा प्रकल्प आला, तेव्हा ग्रामस्थांनी काजूच्या बागा आणि कुळहक्क यांसाठी दिलेली झुंज अनेकांच्या स्मरणात असेल. नव्वदच्या दशकातही गोव्यात गोल्फविरोधी आंदोलने झाली होती. ‘गोल्फ’ हा शब्द उच्चारताच गोमंतकीय माणसाच्या कपाळाला आठी पडते, तिला असा इतिहास आहे.

मिनी गोल्फचा हिशेब अगदीच वेगळा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना मान्य असलेल्या एका प्रकारात प्रत्येक पट्टी ६.२५ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असते. अठरा पट्ट्यांचे क्षेत्रफळ मिळून शंभर चौरस मीटरच्या आसपास भरते. खेळाडूंच्या वावरासाठी, झाडे-बाकांसाठी याच्या दहापट जागा सोडली, तरी सारे मैदान एखाद्या शाळेच्या पटांगणात सामावेल. या पट्ट्यांची कल्पना स्वित्झर्लंडच्या पॉल बोन्यी यांची. अशा प्रकारचे पहिले मैदान १९५४ मध्ये आस्कोना या सरोवराकाठच्या गावी खुले झाले. मैदानांचा आराखडा सर्वत्र सारखा असल्याने एका देशातील गुणांची तुलना दुसऱ्या देशातील गुणांशी करता येऊ लागली, आणि करमणुकीचा खेळ स्पर्धेचा झाला.

ही स्पर्धा किती गंभीरपणे खेळली जाते, हे सहज फिरायला आलेल्या पर्यटकाला कळणार नाही. खेळाडू एका पिशवीत डझनावारी चेंडू घेऊन येतो: कुणी उसळणारा, कुणी मठ्ठ, कुणी जड, कुणी हलका. कोणत्या पट्टीला कोणता चेंडू, तो हाताच्या उबेत ठेवायचा की गार ठेवायचा, याची टिपणे असतात. प्रत्येक पट्टीवर जास्तीत जास्त सहा फटके. तरीही चेंडू होलमध्ये गेला नाही तर सात गुण लागतात आणि खेळाडू पुढे सरकतो. अठरा पट्ट्या अठरा फटक्यांत पूर्ण करणारे कसबी लोक युरोपात आहेत. जर्मनीत तर या खेळाच्या लीग चालतात. कॅरमच्या सोंगटीवर नेम धरून वाढलेल्या आपल्या मुलांना या खेळाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. कडेवर आपटून परतणाऱ्या चेंडूचा कोन त्यांच्या बोटांना आधीपासूनच ठाऊक आहे.

समुद्राशी या खेळाचे नाते जुने आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८६७ मध्ये महिलांचा पटिंग क्लब स्थापन झाला. खांद्यावर काठी उगारून जोरकस फटका मारणे त्या काळी स्त्रियांना अशोभनीय मानले जाई, म्हणून त्यांना उंचसखल हिरवळीचा एक तुकडा मिळाला. त्या तुकड्याला लोक आजही ‘हिमालय’ म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे २००३ पासून ‘क्रेझी गोल्फ’ची जागतिक स्पर्धा भरते. अमेरिकेत नॉर्थ मर्टल बीचवर एका कृत्रिम ज्वालामुखीभोवतीच्या मैदानात १९९७ पासून व्यावसायिकांची ‘मास्टर्स’ होते. वाऱ्याची झुळूक, खारी हवा, पट्टीवर येऊन पडलेली वाळू हे सारे तिथे खेळाचा भाग असते. गोव्याने यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. हेस्टिंग्जमध्ये जिथे जगज्जेता ठरतो, तिथेच एरवी सुट्टीवर आलेली पोरे आजी-आजोबांबरोबर खेळतात. तिकिटाच्या पैशातून मैदान जगते, आणि मैदान जगते म्हणून स्पर्धा होते.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी पदक, मग संघटना, मग प्रमाणपत्र. मैदान शेवटी, तेही झालेच तर. गोव्याने २०२३ मध्ये २७ सुवर्णांसह ९२ पदके मिळविली, याचा आनंद आहेच. परंतु यजमान बदलताच यादी बदलते आणि यादीबरोबर खेळाडूची मेहनतही निकालात निघते, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांच्या अतिरिक्त खेळांत मिनी गोल्फचे नाव आढळते. त्याच महाराष्ट्रात सरकारी नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणापायी बोगस प्रमाणपत्रांचे प्रकरण गाजले होते. अल्पपरिचित खेळांवर संशयाची सावली पडते ती यामुळे. ती दूर करायची तर कोण कुठे किती फटक्यांत खेळला, हे गावाला डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्यासाठी कायमस्वरूपी मैदान आणि वर्षभराचे सामने यांना पर्याय नाही.

अर्थात किनाऱ्यावर काँक्रीट ओतण्याचे समर्थन येथे मुळीच नाही. भरतीरेषेलगत बांधकामावर निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत. शिवाय गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावरचे कृत्रिम गवत एका पावसाळ्यात शेवाळेल. उचलून ठेवता येतील अशा पट्ट्या पावसाळ्यापूर्वी काढायच्या आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मांडायच्या, हा मार्ग आपल्याला नवा नाही. किनाऱ्यावरचे शॅक दरवर्षी असेच उतरतात आणि उभे राहतात. जागा वाळूवरची नको. किनाऱ्यालगतच्या गावातील पालिकेचे किंवा पंचायतीचे उद्यान पुरेसे आहे. अट एवढीच, की ते हॉटेलच्या आवारात नसावे आणि ठरावीक दिवशी स्थानिक शाळांना विनाशुल्क मिळावे. ठेका देताना ही अट लेखी नसेल, तर दुसऱ्याच हंगामात तिथे केवळ वाढदिवसाच्या मेजवान्या होतील.

हा मजकूर टिळकवाडीत बसून लिहिताना घाटाखालची ही चर्चा परकी वाटत नाही. बेळगावची कुटुंबे चोर्ल्यामार्गे गोव्याच्या किनाऱ्यावर येतात, म्हणजे अशा मैदानाचा अर्धा गल्ला कदाचित आमच्याच खिशातून जाईल. पण टिळकवाडीलाही मोकळ्या जागेची किंमत ठाऊक आहे. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फिरणारी माणसे आणि संध्याकाळी खेळणारी मुले यांनी तिथल्या विकासकामांना विरोध होताना पाहिला आहे. जागा एकदा ‘प्रकल्प’ झाली की तिच्या फाटकाला कुलूप लागते, हा अनुभव सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच. अठरा पट्ट्यांचे मैदान मात्र वठलेल्या कारंज्यांच्या आणि मोडक्या घसरगुंड्यांच्या जागीही मावते. त्यासाठी एक झाड तोडावे लागत नाही की एक कूळ उठवावे लागत नाही. पहिला सामना पणजीत होवो, मडगावात होवो किंवा टिळकवाडीत. गोव्याचा संघ आणि बेळगावचा संघ घाट चढून-उतरून दरवर्षी भेटू शकतील, इतके अंतर मुळीच दूरचे नाही.