लग्नघरचा फुलारी

तुळशीचें लग्न लागलें कीं ज्यांच्या घरीं उपवर मुलेंमुली असतात त्यांच्या घरीं पंचांग उघडलें जातें, आणि मुहूर्त, कार्यालय, आचारी, उपाध्याय, वाजंत्री अशी यादी सुरू होते. या यादींत फुलाऱ्याचें नांव बहुधा शेवटीं येतें. सोनाराकडे आपण चार वेळां जातों. शालू घेतांना दुकानांतला सारा ढीग खालीं उतरवितों. परंतु फुलांचें काम ‘मंडपवाल्यालाच सांगून टाकूं’ या एका वाक्यांत आटोपतों. आम्हींही एकदां असाच निष्काळजीपणा केला आणि त्याचें फळ भोगलें. यंदा घरांत पुन्हां कार्य निघालें, तेव्हां तें जुनें प्रकरण नव्यानें पुढें आलें. त्यांतून जें शिकलों तें येत्या हंगामांत वाचकांच्या उपयोगीं पडावें, म्हणून या महिन्याचा विषय हाच घेतला आहे.

सन 2011 च्या वैशाखांत आमच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. पुण्याच्या मंडईजवळील एका फुलाऱ्याशीं आम्हीं ठराव केला होता. वधूवरांचे दोन हार, पूजेचीं फुलें, दाराचीं तोरणें आणि बायकांसाठीं पन्नास गजरे, मिळून सहा हजार रुपये. लग्नाला चार दिवस उरले असतां एका आप्तानें सांगितलें कीं हेंच काम पांच हजारांत होतें. आम्ही तत्काळ फुलाऱ्याकडे गेलों व एक हजार कमी करावयास लाविले. तो थोडा थांबला, आणि ‘बरं, मास्तर,’ एवढेंच म्हणाला. आपण व्यवहारांत जिंकलों, अशा आनंदांत आम्ही घरीं परतलों.

मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला. मुलीनें हार घातला. जांवयांनीं आपला हार घालण्यास हात उचलले, तोंच दोरा तुटला आणि निशिगंधाच्या कळ्या पाटावर विखुरल्या. कळ्या शिळ्या होत्या. त्यांच्या कडा तांबूस पडलेल्या आम्हांस स्पष्ट दिसल्या. मागल्या रांगेंतून ‘अपशकुन’ हा शब्द ऐकूं आला आणि तो मुलीच्याही कानीं गेला. प्रसंग सांवरला तो विहीणबाईंनीं. त्यांनीं स्वतः खालीं बसून दोऱ्याला गांठ मारली, उरलेल्या कळ्या सारख्या केल्या, आणि हार मुलाच्या हातीं देत म्हणाल्या, ‘चला, गांठ पक्की बसली.’ लोक हंसले आणि कार्य पुढें चाललें. परंतु पाठवणीच्या वेळीं मुलगी रडली तें सारेंच माहेरच्या वियोगाचें रडणें नव्हतें, हें तिच्या आईला कळलें आणि आम्हांलाही. आज तिचा संसार सुखाचा आहे, दोन मुलें आहेत. तरी तो एक शब्द तिच्या मनांत कित्येक वर्षें सलत राहिला. आम्ही मात्र इतकीं वर्षें त्या फुलाऱ्यास दूषण देत राहिलों.

यंदा आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येचें लग्न ठरलें, तेंही वैशाखांतलें, आणि मंडप उघड्या लॉनवर. एक सजावटकार घरीं आले. त्यांच्याजवळील पाटीएवढ्या यंत्रावर शेंकडों चित्रें होतीं. पुतणीला त्यांतील निळ्या हायड्रेंजियाची कमान फार आवडली. ‘होईल,’ सजावटकार म्हणाले. पांढरी शेवंती मिळेल का? ‘मिळेल.’ भर दुपारीं फुलें टिकतील का? ‘टिकतील.’ तासाभरांत त्यांनीं एकदांही नकार दिला नाहीं, आणि शेवटीं आंकडा निघाला एक लाख चाळीस हजार. बंधू कांहीं बोलले नाहींत. रात्रीं पाणी प्यावयास उठलों तों ते कपाटांतून मुदतठेवीची पावती काढून दिव्याखालीं पाहत बसले होते. ती ठेव धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठीं राखलेली होती.

दुसऱ्या दिवशीं आमची सौभाग्यवती म्हणाली, ‘अहो, मंडईतल्या त्या माणसाला एकदां विचारून तर पाहा.’ आम्ही रागावलों. ती शांतपणें म्हणाली, ‘तुम्ही त्याचे हजार रुपये कापले होते, हें विसरलांत वाटतं.’ आम्हीं ही गोष्ट घरांत कोणास सांगितली नव्हती. तिला ती प्रथमपासून ठाऊक होती.

सकाळीं लवकर पुतणीला घेऊन आम्ही गेलों. फुलारी आतां म्हातारा झाला आहे. त्याचा मुलगा कळ्या निवडीत होता, सून हार ओंवीत होती. त्यानें आम्हांस ओळखलें, आणि आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच म्हणाला, ‘मास्तर, तेव्हां मीं तुम्हांला नाहीं म्हणायला हवं होतं. पांच हजारांत ताजी गुलछडी बसत नव्हती. गिऱ्हाईक जाईल या भीतीनं बरं म्हणालों. चूक माझी.’ निशिगंधाला फूलबाजारांत गुलछडी म्हणतात. आम्हांस उत्तर सुचेना. दिलेला शब्द मोडूं नये, असें आम्हीं तीस वर्षें वर्गांत मुलांना शिकविलें, आणि हजार रुपयांसाठीं तो स्वतःच मोडला होता. ‘चूक आधीं आमची,’ एवढेंच कसेंबसें बोललों.

मग पुतणीनें त्याला फोनवरील चित्र दाखविलें. तें नीट पाहून तो म्हणाला, ‘ताई, हें वैशाखांत उघड्यावर नाहीं व्हायचं. या फुलाला पाणी फार लागतं. उन्हांत कमानीवर लावलं तर घटकेंत मान टाकील.’ शेवंतीलाही तो नाहींच म्हणाला. ती मिळाली तरी महाग मिळेल आणि मनासारखी मिळणार नाहीं. पुतणीचा चेहरा उतरला. आमच्या मनांत मात्र त्याच क्षणीं निश्चय झाला कीं फुलारी हाच.

वाचकांस आमचें सांगणें मुख्यतः हेंच आहे. ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येतें तो फुलारी निवडावा. चित्रें कोणीही दाखवील. त्यांतलीं पुष्कळशीं निराळ्या हवेंतलीं व निराळ्या ऋतूंतलीं असतात. अमुक फूल तुमच्या महिन्यांत मिळत नाहीं, अमुक पैशांत ताजा माल येत नाहीं, असें जो गिऱ्हाईक गमावण्याची भीति सोडून सांगतो, त्याच्याच ‘होय’ला कांहीं किंमत असते.

हें पारखावयाचें तर फुलांचा ऋतु यजमानांसही थोडा ठाऊक हवा. शेवंती दिवस लहान होऊं लागल्यावर कळी धरते. म्हणून मार्गशीर्षांत ती विपुल असते. मोगऱ्याचें उलट आहे. त्याचा बहर उन्हाळ्याचा, आणि थंडींत तो दुर्मिळ व महाग. झेंडू बहुतेक वर्षभर मिळतो, पण दसरा-दिवाळीस त्याचा भाव चढतो. गुलाबाचा भाव फेब्रुवारीच्या 14 तारखेच्या आसपास चढतो. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात आणि ती संध्याकाळीं उमलते. म्हणून सकाळच्या मुहूर्ताचे गजरे त्याच पहाटेच्या कळ्यांचे असावे, आदल्या दिवशींचे नसावे. परदेशचें फूल म्हणून मात्र कोणीं नाक मुरडूं नये. ज्यांच्यावांचून आपलें तोरण आणि हार होत नाहींत ते झेंडू व निशिगंध मूळचे मेक्सिकोकडचे आहेत. मुलीच्या आवडीला विरोध करावयाचा तर तो ऋतूच्या आधारानें करावा, जुन्या रीतीच्या नांवानें करूं नये.

परततांना पुतणीची समजूत घालण्यासाठीं आम्हीं तिला रघुवंशाचा सहावा सर्ग सांगितला. कालिदासानें राजकन्या इंदुमतीला स्वयंवरांत जी माला दिली आहे ती मोहाच्या फुलांची असून तींत दूर्वा गुंफलेल्या आहेत; दोन्ही वस्तु रानांत विनामोल मिळणाऱ्या. पुतणी म्हणाली, ‘काका, तिला फोटो काढायचे नव्हते.’ यावर मल्लिनाथाच्या टीकेंतही उत्तर मिळण्यासारखें नव्हतें. शेवटीं तोड फुलाऱ्यानेंच काढली. निळ्या हायड्रेंजियाचा एकच मोठा गुच्छ, पाण्यानें भरलेल्या तांब्याच्या घंगाळांत, संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला सभागृहांत वधूवरांजवळ ठेवावयाचा. बाकी सारें मोगरा, निशिगंध, झेंडू आणि आंब्याचे डहाळे. खर्च ठरला अडतीस हजार. मुदतठेवीची पावती कपाटांत परत गेली.

ठराव कसा करावा, हेंही थोडक्यांत सांगतों. प्रथम घरांतील वडील स्त्रियांना विचारून यादी करावी. देवक, गौरीहर, सीमांतपूजन व होम यांना काय लागतें तें वेगळें लिहावें आणि शोभेचें वेगळें. पैसा कमी पडला तर कात्री दुसऱ्या यादीला लागावी. कार्यालयाचा स्वतःचा सजावटकार आहे काय, भिंतीस खिळा चालतो काय, हें आधीं विचारावें. फुलाऱ्याकडे सकाळीं जावें, कामाच्या वेळीं जावें, आणि तो माल ओल्या फडक्यांत राखतो कीं उन्हांत टाकतो तें पाहावें. सुटीं फुलें किलोवर विकतात व डच गुलाब वीस फुलांच्या गड्डीवर. तेव्हां भाव कशाचा हें स्पष्ट करून घ्यावें. कागदावर फुलाचें नांव, हाराची लांबी, नग, पोहोंचविण्याची वेळ, आणि तें फूल न मिळाल्यास कोणतें चालेल, हें सर्व असावें. हार मुहूर्तापूर्वीं एक तास तरी हातीं यावे. विसार किती व बाकी केव्हां, हेंही लिहावें. आणि एकदां लिहिलें कीं त्यांतला आंकडा कोणा आप्ताच्या सांगण्यावरून बदलूं नये.

या धंद्याकडे हलक्या नजरेनें पाहण्याची आपल्या घरांतली जुनी खोडही जावयास हवी. मंडईस ज्यांचें नांव आहे त्या महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ उपनांव गोऱ्हे. पेशव्यांना फुलें पुरविण्याच्या कामामुळें तें ‘फुले’ झालें. भागवताच्या दशम स्कंधांत मथुरेस आलेले श्रीकृष्ण सुदामा नांवाच्या माळ्याच्या घरीं आपण होऊन जातात. लग्नाच्या पहाटे आपण झोंपेंत असतों तेव्हां फुलाऱ्याच्या घरचीं माणसें आपल्या मुलीचा हार ओंवीत बसलेलीं असतात, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ.

लग्नाच्या दिवशीं हार ठरल्याहून थोडे आधींच आले, ओल्या फडक्यांत गुंडाळलेले. फुलाऱ्याची सून ते घेऊन आली होती. आमची थोरली कन्या पुढें झाली, हार उचलून तिनें त्याचा दोरा दोन्ही हातांनीं ओढून पाहिला, आणि कांहीं न बोलतां तो चुलतबहिणीच्या करवलीजवळ दिला.

बाकीची रक्कम जेवणापूर्वींच चुकती करण्यासाठीं फुलाऱ्याला मुद्दाम बोलाविलें होतें. तिच्यासोबत सन 2011 चे एक हजार रुपये वेगळ्या पाकिटांत ठेवून दिले. तो नको म्हणेल, अशी आमची अटकळ होती. त्यानें पाकीट उघडलें, नोटा मोजल्या, कपाळाला लाविल्या आणि खिशांत ठेवल्या. मग मुलांना घेऊन पंक्तींत आमच्या शेजारीं जेवावयास बसला.